थेंबामागची ज्योत बघायला हट्ट्याला

हिंगोली जिल्ह्यात लोक कशाकशाला जात असतील ते जावोत, मी गेलो तो एका पंख्यातली चूक काढायला. निघताना आमच्या सोसायटीतल्या जोशांनी विचारलं, "हट्टा? तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो, "रॉकेलचा थेंब." त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याशी बोलताना लोक बहुधा दुसऱ्या प्रश्नापर्यंत येतच नाहीत.

पण तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तेलाचा थेंब वाऱ्यात कसा जळतो ते गणितात मांडायचं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. इंजिनात काय, भट्टीत काय, इंधन फवाऱ्यानं आत जातं आणि त्यातला थेंब न् थेंब जळतो. वारा मंद असला की ज्योत थेंबाला चहूबाजूंनी वेढून बसते. वारा वाढवत नेला की एका ठरावीक वेगाला समोरची ज्योत तुटते आणि सगळी थेंबाच्या मागे जाऊन चिकटते. मग थेंब सावकाश जळतो. वारा सारखा बदलत असेल तर काय होईल, यासाठी मी तरुणपणी एक सूत्र मांडलं. त्याचा गाभा अगदी सोपा आहे. त्या क्षणी वारा किती आहे ते बघा, ज्योत त्या वेगाला शोभेल तशी वागणार. ज्या वेगाला मागे गेली, त्याच वेगाला वारा उतरला की पुढे येणार. लोक ते सूत्र माझ्या नावानं ओळखतात. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडतं.

सुजाता ही माझी पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी. हट्ट्याची मुलगी, हिंगोलीला एका तंत्रनिकेतनात शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये प्रयोग करते. तिनं प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात लिहिलं होतं की मागे गेलेली ज्योत त्याच वेगाला पुढे येत नाही. वारा त्याच्याही खूप खाली उतरावा लागतो, तेव्हा कुठे ती परतते. म्हणजे सरळ मराठीत, सरांचं सूत्र चुकतं. ते प्रकरण मी दोनदा परत पाठवलं. दोन्ही वेळा शेरा एकच: प्रयोगातली चूक, पंखा तपासावा.

मुदत दोनदा वाढवून झाली होती. येत्या सोमवारी माझ्या सहीचा प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षांची मेहनत पाण्यात. मी काही अगदीच दगड नाही. तिला फोन केला आणि म्हणालो, "मीच येतो. तुझा पंखा बघतो, चूक दाखवतो, तू ती सुधार, मी सही करतो."  ती म्हणाली, "या सर." पिशवीत मी वारा मोजायचं माझं यंत्र टाकलं आणि गाडी पकडली.

शुक्रवार, हट्टा

वसमतला उतरलो तेव्हा नऊ वाजले होते आणि मार्चचं ऊन आत्ताच डोक्यावर बसलं होतं. सुजाता स्कूटर घेऊन आली होती. पुण्यात मी मुलीच्या मागे स्कूटरवर बसलो असतो तर ओळखीच्यांनी चार दिवस विचारलं असतं. इथं कुणी वळून बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा हळदीवर होत्या.

हळद म्हणजे मला डब्यातली माहीत. इथं ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शेतात, खळ्यात, घरापुढे, जिथं म्हणून सपाट जागा आहे तिथं पसरलेली होती. काळ्या रानात पिवळे पट्टे. मधूनच वाफेचा ढग दिसायचा, तिथं हळद शिजत असायची. शिजणाऱ्या हळदीचा वास आपल्या फोडणीसारखा अजिबात नसतो. ओली माती आणि उकडलेलं रताळं यांच्या मधलं काहीतरी. पहिल्या अर्ध्या तासात मला बारा शिंका आल्या.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे अंगण, आणि बाजूला पत्र्याचं लांबलचक वर्कशॉप. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. सुजाताचे वडील दादाराव साखर कारखान्यात वेल्डर होते. निवृत्त झाल्यावर हळद शिजवायच्या टाक्या आणि बर्नर बनवायला लागले. ते दारात उभेच होते. "जय भीम, सर," ते म्हणाले. मी सवयीनं "नमस्कार" म्हणून गेलो. मग वाटलं, अरे, कुणी आपल्याला नमस्कार म्हटलं तर आपण त्याच शब्दानं उत्तर देतो, मग इथं काय अडलं? "जय भीम," मी म्हणालो. त्यांनी त्यात काही विशेष घडलं असं दाखवलं नाही, खुर्ची पुढं सरकवली आणि आत चहाला सांगितलं.

चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. पण मी खुर्चीवर बसायच्या आधी अंगणातल्या ओट्यावर टेकलो होतो, आणि ओट्यावर सकाळीच हळद निवडून झाली होती. उठलो तर पँटचा मागचा भाग पिवळाधमक. सुजाताच्या आई, शांताबाई, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बाई बाई! सरायला हळद लागली की. पुन्यात सांगून आले का न्हाई घरी?" मीही हसलो. दुसरं करणार काय?

जेवणानंतर प्रयोग. मी बाह्या वर केल्या, अगदी चोर पकडायला आल्यासारखा.

सुजातानं हे सगळं कशातून उभं केलं होतं ते बघून खरं तर मला तिथंच कौतुक वाटायला हवं होतं. दोन हात लांबीची पत्र्याची चौकोनी पेटी, एका टोकाला पंखा. वारा सरळ यावा म्हणून मध्ये बारीक जाळ्यांचे तीन पडदे. पेटीच्या बाजूला काच. आत केसाइतक्या बारीक तारेच्या टोकाला रॉकेलचा थेंब लोंबकळत ठेवायचा, पेटवायचा, आणि झडपेनं वारा कमीजास्त करायचा. समोर मोबाइल, थेंबाचं चित्रीकरण करायला.

"लाव," मी म्हणालो.

तिनं थेंब पेटवला. निळसर पिवळी ज्योत थेंबाभोवती गोल बसली. झडप हळूहळू उघडत गेली तशी ज्योत मागे झुकली, थरथरली, आणि पटकन समोरून सुटून मागे गेली. थेंबाची पुढची बाजू काळी आणि ओली, मागे छोटी शेपटी. मी झडपेवरच्या आकड्यांवर वेग बघितला. माझ्या सूत्राप्रमाणे जिथं जायला हवी तिथंच गेली होती. "बघ!" मी म्हणालो.  सुजातानं झडप मिटायला सुरुवात केली.

वारा त्याच आकड्यावर उतरला. ज्योत मागेच. आणखी उतरला. मागेच. थेंब अर्ध्याहून लहान झाला होता आणि ज्योत आपली मागे बसून राहिलेली. वारा जवळजवळ मेला तेव्हा कुठे ती पुढे आली आणि थेंबाला वेढून बसली.

"पंखा थांबायला वेळ घेतोय," मी म्हणालो. "आत वारा अजून आहे, तुला वाटतं उतरला."

"तुमचं यंत्र लावून बघू या का, सर?"

लावलं. माझ्याच यंत्राप्रमाणे वारा उतरलेला होता. मग मी म्हणालो, तार तापते, ती ज्योतीला धरून ठेवते. तिनं आणखी बारीक तार लावली. फरक पडला नाही. मग मी जाळ्यांवर घसरलो. तिनं जाळ्या काढून, पुसून, परत लावून दाखवल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही किती थेंब जाळले ते मोजले नाहीत. प्रत्येक थेंब तेच सांगत होता आणि प्रत्येक थेंबाला माझ्याकडे एक कारण तयार होतं. शेवटी कारणं संपली तेव्हा मी म्हणालो, "उद्या बघू. आज डोळे दुखतायत." डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

रात्री भाकरी, येसर आमटी आणि शेंगदाण्याची ओली चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. पुण्यात ते मिळालं तर मी रोज खाईन. शांताबाई वाढत होत्या आणि मी "नको नको" म्हणत होतो. पुण्यात "नको" म्हटलं की माणूस थांबतो. इथं "नको" म्हणजे "अर्धीच द्या" असा अर्थ धरतात आणि पूर्ण वाढतात.

शनिवार, कालव्याकाठचं रान

सकाळी नाष्ट्याला सुशीला. सुशीला हे बाईचं नाव नाही, चुरमुऱ्यांचे पोहे समजा, पण पोह्यांपेक्षा हलके आणि जास्त तिखट. दादाराव म्हणाले, "सर, आज रुक्मिणबाईची हळद हाय कालव्याकडं. येता का? बर्नर बगा आमचा." सुजाता माझ्याकडे बघत होती. मला पुन्हा त्या पेटीसमोर बसायचं नव्हतं, म्हणून मी लगेच हो म्हणालो.

रुक्मिणबाई साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. नवरा नाही, मुलगा नांदेडला नोकरीला. दोन एकर हळद ह्या बाईनं जवळजवळ एकटीनं काढलेली. काढलेल्या हळदीचा ढीग कमरेएवढा होता. रानात एक मोठी पाण्याची टाकी, तिच्यापासून पाइपनं वाफ दोन उभ्या पिंपांत जाते आणि पिंपांत हळद शिजते. टाकीखाली एक रुंद नळकांडं आणि त्याच्या तोंडाशी दादारावांचा बर्नर.

इतर ठिकाणी हळद लाकडावर शिजवतात. दादारावांनी गाड्यांतून काढलेलं काळं तेल डिझेलमध्ये मिसळून जाळायचा उद्योग केला होता. तेल बारीक तोंडातून फवाऱ्यानं आत जातं, मागून ब्लोअर हवा देतो, हवेच्या वाटेवर झडप. मी जवळ जाऊन ऐकलं. असं सलग, समाधानी घोंघावणं मी फक्त चांगल्या प्रयोगशाळेत ऐकलंय. आत लाखो थेंब जळत होते. माझेच थेंब, म्हणायला हरकत नाही.

झडपेच्या दांड्याला मात्र खडूच्या दोन खुणा होत्या. एक पांढरी, आणि तिच्या बरीच खाली एक लाल.

"ह्या दोन कशाला?" मी विचारलं.

"पांढरी जायची, सर. लाल यायची."

"म्हणजे?"

"बगा, झडप पांढरीवर चालती, तिच्या वर हवा झाली की जाळ जातो. रानातलं वारं मधीच उसळतं. मागून ब्लोअरच्या तोंडात घुसतं, मंग जाळ नळीत आत पळतो. तवा झडप झाकायची. वारं पडलं, तरी लगेच पांढरीवर न्यायची न्हाई. लालवर ठिवायची. जाळ माघारी तोंडाला येऊ द्यायचा. आला, की मंग हळूहळू पांढरीवर."

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. "दादाराव, ज्योत पांढऱ्या खुणेवर नीट बसते ना? मग वारा पडल्यावर सरळ पांढऱ्यावर ठेवा. हवा तेवढीच, तर ज्योतही तीच. लाल खुणेवर नुसता वेळ जातो, वाफ कमी पडते."

"जाळाला इचारा, सर," ते म्हणाले आणि वाफेच्या पाइपाची गळती बघायला पलीकडे गेले.

तेवढ्यात वारं उसळलं. पळसाची वाळलेली पानं उडाली, आणि बर्नरचा आवाज एकदम खोल गेला. मी झडपेशी उभाच होतो. दांडा धरला आणि झडप झाकली. सुजाता म्हणाली, "सर, बाबांना येऊ द्या." मी म्हणालो, "अगं, चाळीस वर्षं ज्योती बघतोय मी." वारं पडलं. मी सोबत आणलेलं यंत्र धरून खात्री केली, पडलंच होतं. आणि दांडा सरळ पांढऱ्या खुणेवर नेला.

धप्प! एकच आवाज झाला आणि घोंघावणं थांबलं. नळकांड्याच्या तोंडातून पांढरट धूर यायला लागला. तेलाचा फवारा चालू आणि जाळ कुठेच नाही. मला समजायच्या आत दादाराव धावत आले, तेलाचा कॉक बंद केला आणि ओरडले, "काडी कुनी लावू नका! लांब व्हा सगळे!" तापलेल्या नळीत कच्च्या तेलाचा धूर साठला की पुढं काय होऊ शकतं, हे मी वर्गात शिकवतो. 

धूर निघून जाईपर्यंत कुणाला जवळ जाता येईना. वाफ उतरली. पिंपातली हळद अर्धी शिजलेली, तशीच. रुक्मिणबाईंनी एक कंद काढला, त्यात काडी टोचली. काडी अर्ध्यात अडकली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"काहून हात लावला तुमी? आं? कुनी सांगितलं व्हतं?"

"बाई, माझा अंदाज..."

"अंदाज तुमचा आन् हळद माझी! अर्धी शिजून थंडी झाली की वाळताना वाकडी व्हते, रंग धरत न्हाई. साल गेलं माझं ह्याच्यात. तुमी शिकलेले असाल, मोठे असाल, पुन्यात असाल!"

मी मान खाली घातली. पँटवरचा कालचा पिवळा डाग अजून तसाच होता, आणि ह्या बाईंसमोर उभं राहायला मला लाज वाटत होती. "चूक झाली," मी म्हणालो. "म्हनून काय व्हतंय," त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

दादारावांनी बर्नर पुन्हा पेटवला. हळद नव्यानं वाफेवर चढली. ह्या वेळी मी दहा हात लांब बांधावर बसलो आणि नुसता बघत राहिलो. दोनदा वारं उसळलं. दोन्ही वेळा दादारावांनी झडप लाल खुणेवर धरून ठेवली, कान नळीकडे लावून. आवाज खोलवरून हळूहळू तोंडाशी आला, मगच दांडा वर गेला. पहिल्या वेळी मी मनात म्हणत होतो, कारण काहीतरी दुसरंच असणार. दुसऱ्या वेळी मनातलं बोलणं बंद झालं. काल काचेमागे एका थेंबाचं जे दिसलं, तेच इथं लाखो थेंबांचं ऐकू येत होतं. तिथं पंख्याला नावं ठेवली, इथं कुणाला ठेवणार?

दुपारी रुक्मिणबाईंनी पुन्हा काडी टोचली. ह्या वेळी आरपार गेली. "शिजली," त्या म्हणाल्या, "वाळल्यावर कळंल खरं काय ते." भाकरी सोडली आणि मलाही दिली, ठेच्यासकट. रागावलेली बाईही पाहुण्याला उपाशी ठेवत नाही, एवढं तरी माझं नशीब.

दादाराव माझ्या शेजारी येऊन बसले. "लई मनाला लावून घेऊ नका, सर. माझ्याकडून बी झालं हे, पैल्या साली. किती येळा इझला बर्नर, मोजदाद न्हाई. आख्खा हंगाम गेला तवा लाल खूण सापडली." मग सुजाताकडे बोट करून म्हणाले, "ही तवा कॉलेजात. सारखं इचारायची, बाबा, झडप एकच हाय तर खुना दोन काहून? मी म्हनलं, बाई, मला ठाव न्हाई. तू शिक आन् मला सांग."

ते पाचवं प्रकरण कुठून आलं होतं, ते मला त्या बांधावर कळलं. तिनं हे कधी प्रबंधात लिहिलं नव्हतं, मला सांगितलंही नव्हतं. मी हसेन म्हणून. आणि मी हसलोच असतो. त्याच सकाळी हसलोच होतो की तिच्या वडिलांना.

घरी परतताना मी स्कूटरवर एक शब्द बोललो नाही.  तिला मात्र वाटलं मी चिडलोय.

रविवार, हट्टा आणि वसमत

सकाळी आंघोळ करून मी अंगणात बसलो आणि म्हणालो, "सुजाता, प्रबंध आण. सही करतो." रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं. सही करायची, पाठीवर शाबासकी द्यायची, संध्याकाळच्या गाडीला निघायचं. फारसा गाजावाजा न करता.

तिनं बांधून तयार असलेली प्रत आणली. मी चाळायला लागलो. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं, चौथं. पुढचं पान उलटलं तर निष्कर्ष. मला वाटलं पानं चिकटली असतील. अनुक्रमणिका बघितली. चारच प्रकरणं.

"पाचवं कुठंय?"

"काढलं, सर."

"कधी?"

"तुम्ही येतो म्हणून फोन केला त्याच दिवशी. वसमतला जाऊन नवीन प्रत बांधून आणली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुमचा पंख्याचा मुद्दा राहत नाही आता. सही करायला काही अडचण नाही."

म्हणजे परवाचे सगळे थेंब तिनं जाळले ते मला पटावं म्हणूनही नव्हे. मी पाहुणा आलो होतो, दाखव म्हणालो म्हणून दाखवले. मनानं तिनं ते प्रकरण केव्हाच सोडून दिलं होतं.

मी पेन खिशात ठेवलं. "मी ह्याच्यावर सही करणार नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. दारात शांताबाई ताटल्या घेऊन उभ्या होत्या, तशाच थांबल्या. मी घाईनं म्हणालो, "ऐक तरी. पाचवं प्रकरण परत घाल. ते बरोबर आहे. मग करतो."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती उभी राहिली.

"आता?" ती म्हणाली. माझ्याशी सहा वर्षं पुस्तकी मराठीत बोलणारी मुलगी एकदम घरच्या भाषेत आली. "आता काहून, सर? दोन वर्षं मी सांगून राहिले तुमाला. आकडे दिले, चित्रं दिली, व्हिडिओ पाठवले. तुमी एक तरी उघडून बघितला का? खरं सांगा."

मी बघितले नव्हते. "नाही," मी म्हणालो.

"सुजे, हळू," दादाराव म्हणाले.

"न्हाई बाबा, बोलू द्या मला. मला वाटून राहिलं होतं माझंच चुकलं. रोज वाटायचं. पंखा तीन येळा बदलला मी. जे डोळ्यानं दिसतंय तेच खोटं वाटायला लागलं मला, सर. शेवटी हातानं फाडून काढलं ते. तुमच्या भ्यानं."

ती रडली नाही.  माणसाला आपल्या चुकीची किंमत दुसऱ्यानं भरलेली दिसते तेव्हा फार वाईट वाटतं, ते मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. "सुजाता, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझ्या आईवडिलांसमोर सांगतो. पंख्याचं नाही, तारेचं नाही, माझं चुकलं. मला ते सूत्र सोडवत नव्हतं."

 मग शांताबाईंनी ताटल्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "आदी खा. मंग वसमतला जा. छपाईचं दुकान दुपारी बंद करतो तो मानूस." माझ्या ताटलीत त्यांनी न विचारता दुप्पट वाढलं.

छपाईचं दुकान अरुंद, पंखा नाही. मशीन एक एक पान बाहेर टाकत होतं आणि मी ते मोजून रचत होतो. पाचव्या प्रकरणाची पानं कोमट होती. उभ्या उभ्या मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. दोन वर्षांपूर्वी मी फक्त निष्कर्ष वाचला होता आणि शेरा मारला होता. प्रकरणाच्या सुरुवातीला मी तिला एक परिच्छेद वाढवायला सांगितला: हट्ट्याच्या हळदीच्या बर्नरवर दोन खुणा कशा आल्या आणि कुणी मारल्या, त्यांच्या नावासकट. तिनं काउंटरवरच टंकला तो. टंकताना एकदा थांबली आणि बाहेर रस्त्याकडे बघत राहिली, मग पुन्हा सुरू झाली.

प्रत बांधून झाली. आता मार्गदर्शकाचा फॉर्म. त्यात शेऱ्याचा रकाना असतो. तिथं "समाधानकारक" लिहायची पद्धत आहे. मी आजवर सगळ्यांना तेच लिहिलं. ह्या वेळी लिहिलं: "पाचव्या प्रकरणातले प्रयोग मी स्वतः पाहिले. ते बरोबर आहेत. माझं सूत्र चूक आहे."  सही करायच्या आधी फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

तिनं वाचला. पुन्हा वाचला. कपाळाला आठी घातली, अगदी मी घालतो तशी.

"सर, हे बरोबर नाही."

"आता काय राहिलं?"

"तुमचं सूत्र चूक नाही. वारा चढत असताना ते बराबर येतं. परवा पेटीत पाहिलं ना आपण? माझं चौथं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे. वारा उतरताना चुकतं. तेवढंच लिहा, सर. खरं तेवढंच आहे."

माझ्या खिशातला रुमाल हळदीनं पिवळा झालेला होता, त्यानंच मी चष्मा पुसला. मग शेवटच्या वाक्यात 'माझं सूत्र' याच्यापुढे 'वारा उतरताना' एवढे दोन शब्द वर घातले आणि सही केली.